तिखट मेयोनीज पातळ का होतं? दूध गार हवं आणि मिरची शेवटी

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंना अंडं चालत नाही म्हणून दुधाचं मेयोनीज केलं, मिरची-लसणाचं वाटण सुरुवातीलाच घातलं आणि दोन्ही वेळा ताकासारखं पातळ झालं. मुलांना नाशकातल्या कॉलेज रोडच्या सँडविचसोबत मिळतं तसं तिखट हवंय. घरच्या मिक्सरवर छान होतं. मी गेली कितीतरी वर्षं करतेय.

मला वाटतं तुमचं दूध पुरेसं गार नव्हतं. सध्या नाशकात दुपारी पारा चाळिशीला टेकतोय. फ्रिजमधून काढलेलं दूध ओट्यावर थोडा वेळ राहिलं तरी त्याचा गारवा जातो, वर मिक्सर फिरून भांडं तापतं ते वेगळंच. मेयोनीज म्हणजे दुधात तेलाचे अगदी बारीक थेंब अडकवून ठेवायचे. हे काम दुधातली प्रथिनं करतात, अंड्याच्या मेयोनीजमध्ये बलक करतो. थेंब जितके जास्त आणि दाटीने बसतील तितकं मिश्रण घट्ट. म्हणून पातळ झालं की तेल कमी करायचं नाही, थोडं वाढवायचं. तुम्ही मिरची पाणी घालून वाटली होती, ते सगळं पाणी त्यात उतरलं.

अर्धी वाटी फुल क्रीम दूध घ्या. उकळून पूर्ण गार केलेलं, साय काढलेलं. चटणीचं छोटं भांडं आणि दूध दोन्ही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, फक्त दुधाचा बर्फ होऊ देऊ नका. मोठं भांडं घेतलं तर एवढंसं दूध पात्याला लागतच नाही. दुधात अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर, पाव चमचा मोहरीची पूड घालून एकदा फिरवा. मग एक वाटी तेल, पण एकदम नाही. दोन-दोन चमचे घालायचं, झाकण लावून चार-पाच सेकंद फिरवायचं, थांबायचं. आवाजाकडे लक्ष ठेवा. आधी खळखळ ऐकू येते, तेल निम्म्याच्या पुढे गेलं की आवाज जड होतो, पात्याभोवती खळगा पडतो आणि मिश्रण कडेला चिकटतं. आता दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून एकदाच फिरवा. आंबटाने दुधाची प्रथिनं आवळतात आणि डोळ्यांदेखत घट्टपणा येतो.

तेल रिफाइंड सूर्यफुलाचं बरं. घाण्याचं शेंगदाणा तेल मला भाजीत फार आवडतं, पण इथे त्याचा वास बाकी सगळं झाकून टाकतो. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये कडवट होतं.

आता मिरची. रंगाला पाच-सहा ब्याडगी, झणक्याला दोन लवंगी. बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि हाताने घट्ट पिळून घ्या. लसणाच्या चार पाकळ्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा, कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी उग्र लागतो. दोन्ही चमचाभर व्हिनेगरवर वाटा, पाण्याचा थेंब नको. हे वाटण मेयोनीज तयार झाल्यावर चमच्याने कालवायचं, मिक्सर पुन्हा लावायचा नाही. चाखून लगेच तिखट वाढवू नका. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो आणि जिभेवर उशिरा चढतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग चाखा. घाई असेल त्या दिवशी मी घरचा कांदा-लसूण मसाला दीड चमचा कालवते, तेही झकास लागतं.

फुटलंच तर टाकू नका. स्वच्छ भांड्यात दोन चमचे गारेगार दूध घ्या, फुटलेलं मिश्रण चमचा-चमचा घालत फिरवा, पुन्हा जमून येतं.

टिकण्याबद्दल विचारलंत, तिथे मी फार कडक आहे. काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये, चार दिवस. त्यात लसूण आहे, तेल आहे, दूध आहे, त्यामुळे बरणी ओट्यावर ठेवायचीच नाही. मे महिन्यात माझ्या भाचीच्या वाढदिवसाला वाटी तीन तास टेबलावर राहिली आणि रात्री दोन मुलांना उलट्या झाल्या. नक्की कशाने ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून मी थोडं थोडंच बाहेर काढते. मुलांच्या शाळेच्या डब्यात उन्हाळ्यात तर नकोच. अंड्याचं करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, कच्चं अंडं वापरू नका. त्यातल्या साल्मोनेलासारख्या जंतूंच्या धोक्यामुळे तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती.

सँडविचला असंच घट्ट लावा. उलटा वडापाव, म्हणजे भाजी भरलेला पाव बेसनात बुडवून तळलेला, यात बुडवून खायचा असेल तर वाढायच्या वेळी वाटीत चमचाभर गार दूध कालवा, बरणीत नाही.