ठाण्यातल्या आमच्या लोककला मंडळाला परदेशी वकिलातीचं छोटं अनुदान मिळेल का?

मिळू शकतं, पण आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, बघा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे एवढ्यावर परदेशी पैसा घेता येत नाही. 2010 च्या या कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा त्या एका अनुदानापुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी तीन वर्षांत 15 लाखांचं काम दाखवावं लागतं, त्यामुळे छोट्या मंडळाला पूर्वपरवानगीच झेपते. त्यासाठी रक्कम आणि उद्देश लिहिलेलं देणाऱ्याचं पत्र हवं. पैसे येतात ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच, नौपाड्यातल्या नाही!

अर्जात नुसतं गडकरी रंगायतनचं भाडं मागू नका. वकिलातीच्या देशातले आणि आपले कलाकार मिळून काय करणार, ते लिहा. वकिलातीला त्यातच रस असतो.