१६ मेच्या दुपारी गच्चीवर ये

नौपाडा, ठाणे
एप्रिलचा शेवटचा रविवार

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाई, यंदाचा उन्हाळा फुकट गेला." मनालीला जायची रजा मंजूर झाली नाही, मैत्रिणी तुझ्याशिवाय निघाल्या आणि आता अख्खा मे महिना कासारवडवलीची खोली आणि ऐरोलीचं ऑफिस यांतच जाणार. तुझा आवाज रडवेला होता, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. रात्री मात्र तेच मनात घोळत राहिलं आणि सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसले.

रजा नाकारली याचं वाईट वाटणारच. वाटू दे. पण मे सुरू होण्याआधीच तो फुकट गेला म्हणतेस, हे मला पटत नाही. मनाली पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं तसं नाही. इथली प्रत्येक गोष्ट आपली तारीख घेऊन येते. ताडगोळे मिळतात ते थोडे आठवडे. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पावसाआधी निघून जातात. ताम्हण फुलतो, आणि बघू बघू म्हणेपर्यंत त्याची फुलं फिकी पडतात. मोठी सहल पुढे ढकलता येते, जवळची येत नाही. हे मी कसं शिकले ते आधी सांगते.

माझी मुलं दहा आणि सात वर्षांची होती. काश्मीरला जायचं म्हणून आम्ही वर्षभर पैसे साठवले होते. ज्या प्रवासी कंपनीकडे पैसे भरले तिने निघायच्या चार दिवस आधी सहल रद्द केली. पैसे परत मिळेपर्यंत दिवाळी आली. मुलं रुसून बसली, मीही आतून खट्टू होते. माझ्या सासूबाई उरणच्या, खाडीकाठी वाढलेल्या. संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, माझ्या थोरल्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, "आज तिथी कोणती? तिची पाऊणपट कर बघू."

ती पाऊणपट तूही शिकून घे, कारण खाडीच्या काठावर नोकरी करतेस. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती कधी येणार, हे तिथीवरून काढता येतं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण-पाऊण तास मागे पडतो, त्याच्यामागे पाणीही सरकतं, म्हणून हे गणित जमतं. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी थोडं उशिरा पोहोचतं, तेवढं धरून चालायचं. सासूबाई शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण हे गणित त्यांच्या बोटांवर होतं. मी विज्ञान शिकवणारी बाई, आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्या उन्हाळ्यात आम्ही घरापासून तासाभराच्या पलीकडे एकदाही गेलो नाही. माझी मुलं आता चाळिशीला आली, तरी बोलता बोलता त्याच उन्हाळ्याच्या आठवणी काढतात.

तर तुझ्यापासून सुरुवात करू. रोज ऐरोलीला उतरतेस, पण तिथलं वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आतून पाहिलं आहेस का? तिथून बोटीने खाडीत जाता येतं. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आली. म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये तिची नोंद झाली, आणि तू रोज तिच्या कडेने डबा घेऊन जातेस. बोट सुटायची वेळ भरतीवर ठरते, कारण पाणी नसेल तर ती चिखलात बसेल. म्हणून पंचांग काढ, एकादशीच्या आगेमागे येणारा सुट्टीचा दिवस शोध, म्हणजे सकाळची उन्हं चढायच्या आत पाणी असेल. जाण्याआधी केंद्रात फोन करून वेळ पक्की कर. पाणी उतरून चिखल उघडा पडायला लागला की पक्षी त्यावर पसरतात, मान उलटी करून चोच चिखलात घालतात आणि गाळून गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मतं तेव्हा ते करडंच असतं. यातले पुष्कळसे कच्छकडून आलेले असतात, आणि पाऊस तोंडावर आला की जातात. म्हणजे तुझ्या हातात जेमतेम महिना आहे. हे पहिलं कर.

एक नियम मात्र पाळ, आणि हे मी काकुळतीने सांगते आहे. बाहेर पडायचं ते सकाळी साडेसहाला, आणि नऊ-साडेनऊच्या आत सावलीत यायचं. नाहीतर पाच वाजल्यानंतर. आपलं ऊन मराठवाड्यासारखं कोरडं नाही. तुझ्या लातूरला घाम आल्या आल्या वाळतो आणि अंग थंड होतं. इथे हवा आधीच ओली, घाम वाळतच नाही, त्यामुळे पारा कमी दिसला तरी जीव जास्त घाबरा होतो. एकदा मी मुलांना येऊरला नेलं आणि परतायला बारा वाजले. धाकटी वाटेतच ओकली, डोळे फिरवले तिने. त्या दिवसापासून पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेची पुडी घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडलेला नाही.

येऊरला जाशीलच, म्हणून सांगते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचंच जंगल आहे, तिथे बिबट्या आहे. फाटकावर सांगतील त्या वेळेतच आत राहायचं आणि संध्याकाळ व्हायच्या आत खाली. स्टेशनवरून टीएमटीची बस पाड्यापर्यंत जाते. वाटेत वारली बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. भाव करू नकोस त्यांच्याशी. काट्यांत हात घालून एकेक तोडलेलं असतं ते, आणि देठाच्या चिकाने बोटं काळी झालेली असतात. करवंद अर्धं चावून आत बघायचं: लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. लहानपणी खेळली असशील. परत खेळ, आणि ऑफिसातल्या दोघी-तिघींनाही खेळायला लाव. जंगलात फार चालायची गरज नाही. एका झाडाखाली वीस मिनिटं गप्प बसलीस तर तांबट पक्षी ऐकू येईल, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी टुक टुक टुक. मेच्या शेवटी, पाऊस जवळ आला की नवरंग येतो. त्याला बघायला मी पाच उन्हाळे घालवले. सहाव्या वर्षी तो पाचोळ्यात उड्या मारताना दिसला, पोटाखाली लालभडक, आणि मी श्वास रोखून उभी राहिले.

आता खाण्याचं. ताडगोळे पालघरच्या बाजूने येतात. घेताना बोटाने हलकं दाबून बघ, जेलीसारखा दबला तर घे. टणक लागला तर तो जून झालेला, नुसतं खोबरं चावल्यासारखं लागतं. शक्य असेल तर अख्खं फळ निवडून समोर कोयत्याने सोलून घे, एका फळातून बहुधा तीन निघतात. घरी नेऊन "संध्याकाळी खाऊ" म्हणशील तर पस्तावशील, उन्हाने तासाभरात चव उतरते. साल सोलताना गोळा फुटून गोड पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. ते तिथेच, उभ्या उभ्या, रस्त्याच्या कडेला खायचं.

आंब्यासाठी एकदा ट्रान्स हार्बरच्या लोकलने वाशीला जा. खिडकीची जागा मिळव, पारसिकचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. बाजार समितीत पेटी घ्यायची ती चौघींनी मिळून, एकटीला परवडणार नाही आणि खपणारही नाही. देवगडचा, रत्नागिरीचा असं ओरडतात सगळेच. तू नुसता देठाजवळ वास घे. पिकलेल्या हापूसला तो वास असतोच, रंगावर भुलू नकोस. घरी आणून पेंढ्यातच ठेव, फ्रीजमध्ये कोंबू नकोस. आणि हापूसच्या नादात रायवळ विसरू नकोस. रायवळ कापायचा नसतो. हातात मऊ करायचा, देठ काढून पहिला चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा. माझ्या मते उन्हाळ्याची खरी चव त्यातच आहे, आणि पैसेही निम्म्याहून कमी लागतात.

बर्फाच्या गोळ्याला माझी हरकत नाही, पण बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळल्याशिवाय खाऊ नकोस. उन्हाळ्यात कावीळ आणि टायफॉइड त्यातूनही येतात. तुझी एकटीची खोली आहे, आजारी पडलीस तर उशाशी कोण बसणार? त्यापेक्षा कोकमाचं आगळ आणून ठेव. दोन चमचे आगळ, साखर, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि माठातलं पाणी.

अगदी हलकं काही हवं असेल तर लोकलचा एक फेरा कर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच आली होती. ३४ किलोमीटर, १४ डबे, तीन इंजिनं, ४०० च्या आसपास पाहुणे. ५७ मिनिटं लागली. आजची धीमी लोकलही तोच रस्ता जवळजवळ तासाभरातच कापते, फक्त मधली स्टेशनं वाढली. रविवारी सकाळी रिकाम्या गाडीत बस, सीएसएमटीला उतर, चहा पी आणि परत ये. दुपार काढायला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. संध्याकाळी मासुंदा, तलावपाळीचा वारा आणि भेळ. कोपिनेश्वराच्या पायरीवर थोडी टेक. एवढं झालं तरी रविवार गेला असं कोण म्हणेल?

झाडांसाठी तर वेगळं जायचंही नाही. बसस्टॉपवर उभी राहतेस तिथे वर बघ. जांभळी फुलं असतील तर तो ताम्हण, आपल्या राज्याचं फूल. पिवळे घोस लोंबत असतील तर बहावा. दोन्ही एकाच रस्त्यावर फुललेले दिसले तर मला फोटो पाठव.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र. मेच्या मध्यावर, १६ तारखेच्या आसपास, सूर्य ठाण्याच्या नेमका डोक्यावर येतो. आपलं गाव १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर, आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी तिथेच पोहोचलेला असतो. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. जुलैच्या शेवटी सूर्य परतताना पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे क्वचितच दिसतो. म्हणून मेमधलाच धरायचा. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी डोळ्यांना फरक जाणवत नाही. त्यानंतर दोन-अडीच महिने भर दुपारी आपली सावली दक्षिणेला पडते, वर्षाच्या बाकीच्या दिवसांत ती उत्तरेला असते. आणि मनालीला हे कधीच दिसत नाही, पोरी. दिल्लीलाही नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य डोक्यावर येतच नाही. तुझ्या मैत्रिणी बर्फाचे फोटो पाठवतील, त्यांना तू बिनसावलीच्या पेल्याचा पाठव.

शाळेत दरवर्षी सुट्टी लागायची आणि हा दिवस हुकायचा, त्याची मला फार चुटपुट होती. निवृत्त झाल्यापासून मी तो चुकवलेला नाही. गच्चीवर सपाट जागा बघून स्टीलचा पेला उपडा ठेवायचा, शेजारी एक काठी ओळंब्याने सरळ धरायची. साडेबाराला काठीची सावली बारीक रेघेएवढी उरते. मग एक क्षण असा येतो की काठी आहे आणि सावली नाही.

या वर्षी जोडीला पॉट आइस्क्रीम करू. पॉट माळ्यावर आहे, लाकडी बादली गळत होती ती भिजत घालून फुगवून ठेवते. दूध आटवायचं काम माझं. रायवळांचा रस तू काढशील. बर्फ फोडून त्यात खडे मीठ मुठी-मुठीने घालायचं. मिठामुळे बर्फ शून्याच्याही बराच खाली जाऊन वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो. म्हणून तर ते गोठतं. दांडा फिरवायला मात्र चार हात लागतील. सुरुवातीला हलका फिरतो, शेवटी दोघींना मिळूनही हलत नाही. तसा तो अडला की समजायचं, झालं.

ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना आण. उन्हाचा नियम त्या एका दुपारपुरता मोडू, म्हणून टोपी घाल. बारा वाजता पोहोच, साडेबाराला नको. येताना जांभळी नाक्यावरून दोन किलो खडे मीठ आण, माझ्याकडचं संपलं आहे.

तुझ्या,
बाई