मुलांच्या गोष्टींत आईवडील मेलेले किंवा गायबच का असतात? मी लिहीत असलेल्या कथेत ते घरातच ठेवले तर चालेल का?

चालेल की, ठेवाच. पण आधी ते गायब का होतात ते सांगतो.

त्यामागे बहुतेक वेळा निव्वळ सोय असते. घरात जागरूक आईबाप असले की अकरा वर्षांच्या पोराला रात्री पडक्या वाड्यात कोण जाऊ देणार? गोष्ट तिथेच आटोपते. म्हणून मोठ्यांना वाटेतून बाजूला करावं लागतं. त्यासाठी त्यांना मारायलाच हवं असं नाही. एनिड ब्लायटनने १९४२ साली ‘फेमस फाइव्ह’च्या पहिल्या पुस्तकात आईवडिलांना स्कॉटलंडला धाडलं आणि मुलांना काका-काकूंकडे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळ फुरसुंगीचा, पण शिकायला पुण्याला, विद्याभवन शाळेत. झालं, ‘टॉक्’ करून कुठेही धडपडायला मोकळा! प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन आजी-आजोबांकडे राहतो. त्याचे आईवडील आहेत, पण दुसऱ्या गावी. (हे पुस्तक मोठ्यांचं मानतात, मी मात्र आठवी-नववीच्या मुलांना बिनधास्त देतो.) आई जवळ नाही, पण तिची ओढ आहे. मेलेल्या आईपेक्षा अशी लांबची आई लिहिणं कितीतरी अवघड.

मी एका मासिकाकडे आलेल्या बालकथा वाचून निवडायला मदत करतो. तिथे मला उलटाच त्रास होतो. आईवडील घरात असतात, पण माणसं म्हणून नसतात. आई पोह्यांची बशी घेऊन येते आणि पुन्हा आत जाते. बाबा पेपरातून डोकं वर काढून ‘बाळा, पाणी जपून वापरावं’ म्हणतात आणि पुन्हा पेपरात शिरतात. पुस्तक विकत घेणारे पालकच असतात ना, मग त्यांना खूश करायला लेखक उपदेश त्यांच्याच तोंडी घालतो. मुलं ती पानं उलटून पुढे जातात.

‘उपदेश नको, मग श्यामची आई?’ असं तुम्ही विचारालच. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात उपदेश आहे, भरपूर आहे. पण तो पेलतो, कारण आईचे स्वतःचे हाल आपल्याला दिसतात. घर कर्जात बुडालेलं, वसुलीला सावकाराचा माणूस दारात बसलेला, आणि तिचा संताप अनावर होतो. पोहायला जायला घाबरून श्याम लपून बसतो, तेव्हा ती त्याला मारून बाहेर काढते. तो पोहून येतो, त्याच्या अंगावरचे वळ दिसतात आणि तिलाच भरून येतं. ते मारणं आजच्या पालकांना रुचणार नाही, मलाही नाही रुचत. पण तिथे आई चुकू शकते, तिचं तिलाच लागू शकतं, हे वाचणाऱ्या मुलाला कळतं. श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लुगडं पसरणारी आई सगळ्यांना आठवते, ही मारणारी आई मात्र सोयीस्करपणे विसरली जाते.

म्हणून तुमच्या कथेतल्या बाबांना कशाची तरी भीती असू द्या. नोकरी जायची, गावच्या जमिनीच्या वाटणीची, काहीही. ती पूर्ण उलगडून सांगू नका. मुलांना आईबापांचं अर्धवटच कळत असतं, दाराआडून ऐकू येईल तेवढं.

आता मोबाइल. दर दुसऱ्या बालकथेत ऐन वेळी बॅटरी संपते किंवा रेंज जाते. हे टाळा, फोन लागू द्या. पोरगा रेल्वे यार्डात उभा आहे, आईचा फोन येतो, तो ‘क्लासमध्ये आहे’ म्हणतो आणि नेमका मागून इंजिनाचा भोंगा वाजतो. आईने तो ऐकला का? ऐकूनही ती गप्प राहिली असेल तर का राहिली, हे कथेत लिहा किंवा नका लिहू, पण तुम्हाला ठाऊक हवं.