‘सो हेल्प मी गॉड’ म्हणजे ‘ईश्वरसाक्ष’ नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या मराठी बातम्यांत शेवटच्या ‘सो हेल्प मी गॉड’चं कुठे ‘ईश्वरसाक्ष’ होतं, कुठे ‘देवा, मला मदत कर’, तर कुठे ‘देवाशपथ’. यांतलं बरोबर कोणतं? शिवाय तिथले पुढारी स्वतःला ‘बॉर्न अगेन’ म्हणवतात, त्याला ‘पुनर्जन्म’ चालेल का?

तिन्ही भाषांतरं कमीअधिक चुकतात. पण सगळ्यांत गावठी वाटणारं ‘देवाशपथ’ मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जातं, आणि सगळ्यांत भारदस्त दिसणारं ‘ईश्वरसाक्ष’ सर्वांत लांब.

आधी व्याकरण पाहू. ‘गॉड’ एकवचनी असूनही क्रियापद ‘हेल्प्स’ नाही, ‘हेल्प’ आहे. म्हणजे देव मदत करतो असं विधान इथे नाही, आणि ‘देवा, मदत कर’ अशी हाकही नाही. मराठीत याला नेमकं रूप आहे, ते म्हणजे आज्ञार्थाचं तृतीय पुरुषी ‘-ओ’. ‘देव करो आणि पाऊस पडो’, ‘देव न करो’, यांतला ‘करो’. गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, त्याचीही घडण तीच.

खरा अर्थ मात्र ‘सो’मध्ये दडलेला आहे आणि भाषांतरात नेमका तोच गळतो. हा ‘सो’ म्हणजे ‘तसा’, ‘त्या प्रमाणात’. मी हे वचन जसं पाळीन, तसा देव मला साह्य होवो. न बोललेली दुसरी बाजू अशी की, मोडलं तर न होवो. जर्मन शपथेच्या शेवटचं वाक्य हे उघडच सांगतं. त्याचा आशय ‘देव मला साह्य होवो हे जितकं खरं, तितकंच माझं बोलणं खरं’ असा आहे. मध्ययुगीन लॅटिन रूपात तर देवाच्या जोडीला ‘आणि ही पवित्र शुभवर्तमानं’ असंही येतं. शपथ घेणाऱ्याचा हात पुस्तकावर का असायचा, ते इथे कळतं. पुस्तक ही शोभेची वस्तू नव्हती, डावावर लावलेली ठेव होती.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. गळ्याला चिमटीत धरून ‘आईशप्पथ’ म्हणणाऱ्या पोराला नेमकं ठाऊक असतं की खोटं निघालं तर कुणाचं काय व्हायचं ते. बेलभंडार उचलून दिलेल्या वचनातही तीच कल्पना होती. प्रिय किंवा पवित्र गोष्ट तारण ठेवायची. ‘ईश्वरसाक्ष’मध्ये तारण काहीच नाही, तिथे देव फक्त पाहतो.

‘ईश्वरसाक्ष’ येतो आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतून. तिथल्या इंग्रजी पाठात ‘देवाच्या नावाने’ असं आहे, त्याचं हे मराठी. ‘हेल्प’चा तिथे मागमूस नाही. मंत्र्यांच्या शपथविधीत तो शब्द इतक्यांदा कानावर पडतो की वार्ताहराच्या बोटांतून आपोआप उतरतो. पण त्याने अर्थाबरोबर वस्तुस्थितीही बिघडते. आपल्याकडे ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हे दोन्ही पर्याय मसुद्यातच छापलेले आहेत. अमेरिकी संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षाची शपथ इंग्रजीत ३५ शब्दांची आहे आणि तिच्यात देव नाहीच. ‘सो हेल्प मी गॉड’ हे चार शब्द राष्ट्राध्यक्ष आपल्या मर्जीने पुढे जोडतो. उपराष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य मात्र कायद्याने ठरवलेली वेगळी शपथ घेतात, तिच्या मजकुरात हे शब्द आहेत. एकाच व्यासपीठावर, काही मिनिटांच्या अंतराने, तेच चार शब्द एकदा कलमातले असतात आणि एकदा पदरचे. म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या बातमीत ते शपथेच्या मजकुराबाहेर, वेगळे दाखवावेत: ‘शपथ पूर्ण करून त्यांनी “देव मला साह्य होवो” अशी जोड दिली.’ ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतली’ असं वाक्याच्या सुरुवातीला लिहिलं, की वाचकाला वाटतं संविधानच तसं सांगतं.

२० जानेवारी २००९चा, ओबामांच्या शपथविधीचा प्रसंग इथे उपयोगी पडतो. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सांगताना ‘फेथफुली’ हा शब्द जागेवरून हलवला आणि ओबामा अडखळले. शेवटी रॉबर्ट्स यांनी ‘सो हेल्प यू गॉड?’ असं चक्क प्रश्नार्थक विचारलं आणि ओबामांनी ‘सो हेल्प मी गॉड’ असं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी खबरदारी म्हणून व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये शपथ पुन्हा झाली, ती बायबलशिवाय. म्हणजे एका ‘फेथफुली’च्या जागेसाठी शपथ परत घेतली गेली, पण ग्रंथ नव्हता म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

यावरून आणखी एक चूक. ‘बायबलची शपथ घेतली’ असं सर्रास छापतात. मराठीत ‘आईची शपथ’, ‘तुझी शपथ’ यांत षष्ठी ज्याला लागते ते तारण. मध्ययुगात पुस्तक तारण असे, पण आज बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ संविधानाच्या पालनाची असते, म्हणून ‘बायबलवर हात ठेवून शपथ घेतली’ असंच हवं. आणि तेही हात खरोखर ठेवला असेल तर. २०२५मध्ये ट्रम्प यांच्या शेजारी मेलानिया दोन बायबलं घेऊन उभ्या होत्या, पण ट्रम्प यांनी हात ठेवला नाही. शपथ तरीही वैध. १९६३मध्ये केनेडींच्या हत्येनंतर विमानात शपथ घेणाऱ्या जॉन्सन यांच्या हाताखाली जे होतं ते कॅथलिक प्रार्थनापुस्तक होतं. प्रतिनिधिगृहाचे सदस्य तर सभागृहात सगळे एकदम शपथ घेतात. ग्रंथ हातात येतो तो नंतर छायाचित्रापुरता. २००७मध्ये मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातलं कुराण वापरलं, ते याच छायाचित्राच्या सोहळ्यात.

‘शपथ घेतो’ला पर्याय असलेल्या ‘अफर्म’साठी ‘दृढकथन’ हा आपला तयार शब्द बिनधास्त वापरावा, ‘पुष्टी केली’ नको. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक ‘शपथ वाहूच नका’ हे येशूचं वचन अक्षरशः घेतात, म्हणून तो पर्याय अमेरिकी संविधानात आला. १८५३मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी शपथेऐवजी दृढकथन केलं होतं.

आता ‘बॉर्न अगेन’. १९७६च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी स्वतःला असं म्हटलं आणि शब्द राजकारणात आला. ‘पुनर्जन्म’ अजिबात नको. मराठीत त्याला आधी मरावं लागतं. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायातून ही कल्पना येते आणि मराठी ख्रिस्ती ‘नव्याने जन्मणं’, ‘नवा जन्म’ असं म्हणतात. ‘नव्याने जन्मलेला ख्रिस्ती’ थोडं लांब आहे, पण फसवत नाही. याच घरातला ‘इव्हँजेलिकल’ (बायबल आणि नव्या जन्मावर भर देणारा प्रॉटेस्टंट) हा शब्द तसाच ठेवावा. ‘सुवार्तिक’ म्हणजे सुवार्ता सांगत फिरणारा, ते काम झालं. इव्हँजेलिकल मतदार हा घरी बसलेला सुतारही असू शकतो.

‘गॉड ब्लेस अमेरिका’तही तोच ‘-ओ’. ‘देव अमेरिकेला आशीर्वाद देतो’ वाचलं की तिथे पक्की बातमी लागल्यासारखं वाटतं. ‘देव अमेरिकेचं भलं करो’ पुरे. निक्सन यांनी ३० एप्रिल १९७३च्या वॉटरगेटवरील भाषणाचा शेवट या शब्दांनी केला. रेगन यांनी त्याची रीत पाडली. नाण्यांवरचं ‘इन गॉड वी ट्रस्ट’ पहिल्यांदा १८६४च्या दोन सेंटच्या नाण्यावर आलं आणि १९५६मध्ये राष्ट्राचं बोधवाक्य झालं. त्याचं ‘आमचा देवावर विश्वास आहे’ केलं की आस्तिकांची हजेरी घेतल्यासारखं होतं. ‘ट्रस्ट’ म्हणजे भरवसा. ‘देवावर आमची भिस्त’ हे नाण्याच्या कडेवर बसेल इतकं छोटंही आहे.

शेवटी एक बारीक गोष्ट. १ जून २०२० रोजी वॉशिंग्टनमधल्या सेंट जॉन्स चर्चसमोर ट्रम्प बायबल उंचावून उभे राहिले. ‘हे तुमचं बायबल का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘इट्स अ बायबल’ असं उत्तर दिलं. सगळी मेख त्या ‘अ’मध्ये आहे. ‘हे बायबल आहे’ केलं तर ती निसटते, आणि ‘हे एक बायबल आहे’ हे पाठ्यपुस्तकी. मराठीत ‘एक’ मागे टाकला की काम होतं: ‘बायबल आहे एक.’