‘आधी डायपर घाल, मग शी करतो’

परभणीकडची एक आई. मुलगा २ वर्षे ८ महिन्यांचा. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: “मॅडम, जूनमध्ये शाळा सुरू. शाळावाले म्हणायलेत, लेकरू शी-शू सांगत असलं तरच आणा. मोबाइलवर बघितलं, तीन दिवसांत शिकतंय म्हणे. आम्हाला तीन आठवडे झाले, उलट बिघडायलंय.” हातात पाच आठवडे होते.

तीन आठवड्यांत काय काय झालं ते तिनं सविस्तर सांगितलं. पहिल्या दिवसापासून डायपर बंद, दर २० मिनिटांनी उचलून संडासच्या भांड्यावर. दुपारी आई थकली की पुन्हा डायपर. तिसऱ्या दिवशी एक चापट बसली, वर आजीची धमकी: “आता केलीस तर चटका देईन.” शू अधूनमधून जमायची. शी मात्र तेव्हापासून दर चौथ्या दिवशी, तीही डायपर मागून घेऊन, दिवाणामागं उभं राहून, तोंड लाल करून.

“लई जोर लावतंय बिचारं,” आई म्हणाली. इथंच गफलत होती. जोर लावणारं लेकरू उकिडवं बसतं किंवा पुढं वाकतं. हा मुलगा ताठ उभा राहायचा, टाचा उचलायचा, पायाला पाय घट्ट लावून ढुंगण आवळायचा. तो शी बाहेर ढकलत नव्हता, आत रोखून धरत होता.

रोखलेली शी मोठ्या आतड्यात थांबते, तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती दगडासारखी होते. मग बाहेर येताना दुखतं. एकदा दुखलं की लेकरू पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतं. असं बरेच दिवस चाललं की गुदाशय, म्हणजे आतड्याचं शेवटचं टोक, ताणलं जातं आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. कधी कधी कडक गोळ्याच्या बाजूनं पातळ शी झिरपून चड्डीला लागते. घरच्यांना वाटतं जुलाब होतायत, म्हणून फळं बंद करतात, आणि बद्धकोष्ठ अजून वाढतं.

म्हणून पहिले दोन आठवडे बसवणं पूर्ण बंद करायला मी सांगितलं. शाळा तोंडावर असताना हे ऐकणं आईला जड गेलं. पण शू आणि शी ही दोन वेगळी कामं आहेत. तयार झालेलं लेकरू शू तीन-चार दिवसांत शिकू शकतं. मोबाइलवरचे तीन दिवस खरे असले तर ते शूपुरते. शी दुखत असेल तर ती आधी मऊ व्हावी लागते, त्याला दुसरा रस्ता नाही.

मुलाला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. शी मऊ करणारं औषध किती आणि किती दिवस द्यायचं, ते त्यांनीच ठरवायचं. एक-दोनदा नीट झाली म्हणून औषध बंद करू नका, हे आवर्जून सांगितलं, कारण बहुतेक घरांत नेमकं तेच होतं. एरंडेल, साबणाची वडी, तेलात बुडवलेलं विड्याच्या पानाचं देठ यातलं काहीही नको. देठानं एखाद वेळी शी होते, पण ज्या जागेची लेकराला धास्ती बसली आहे तिथंच आपण हात लावतो आणि धास्ती दुप्पट करतो.

खाण्यात दोन मोठे बदल केले. तो दिवसात चार बाटल्या दूध प्यायचा, साधारण एक लिटर. पोट दुधानंच भरायचं. ते दोन कपांवर, म्हणजे ४०० मिलिपर्यंत आणलं, तेही कपातून. टोस्ट, खारी, बिस्किटं घरात आणणंच थांबवलं. त्या जागी वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पिकलेली पपई, रात्री भिजवलेल्या ८-१० काळ्या मनुका कुस्करून. आणि पाणी. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा ४१-४२ अंशांवर असताना लेकरू खेळण्याच्या नादात पाणी विसरतं. दर तासाला चार-पाच घोट समोर धरायचे, मागण्याची वाट बघायची नाही.

या दोन आठवड्यांत डायपर मागितलं की न रागावता द्यायचं. फक्त जागा बदलायची: दिवाणामागं नाही, न्हाणीत. तिथं उभं राहून केली तरी चालेल.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. “आमची लेकरं वर्षाच्या आत सांगत होती.” ते अगदीच खोटं नाही. लंगोट ओला झाला की बाळाला लगेच कळायचं, डायपरमध्ये कळत नाही. शिवाय दूध पाजल्यावर घरातली बाई बाळाला आपल्या दोन्ही पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करायची. त्या वयात वेळ बाळाला नाही, आजीला कळायची. तिची ती नजर इथं फार उपयोगाची ठरली, म्हणून वेळ ओळखायचं काम आजीकडेच दिलं. जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांत आतडं आपोआप हलतं. सकाळी दूध-भाकरीनंतरची ती वेळ आजीनं धरायची. धमकी मात्र कायमची बंद.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. आई ‘शी’ म्हणायची, आजी ‘परसाकडं’, बाबा ‘टू नंबर’. लेकराला ‘शी’ हाच शब्द येत होता. सगळ्यांनी तो एकच वापरायचं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात शी रोज किंवा दिवसाआड, मऊ होऊ लागली. तेव्हा शू शिकवायला घेतली. मुलगा तयार होता: दोन तास कोरडा राहायचा, चड्डी स्वतः खाली करायचा, ‘चप्पल उचल, दारामागं ठेव’ असं दोन टप्प्यांचं सांगणं पाळायचा. यातलं काहीच जमत नसेल तर महिनाभर थांबलेलं बरं. घाई केल्यानं वेळ वाचत नाही.

तीन दिवस पाहुणे नाहीत, लग्नकार्य नाही, आई घरीच. सैल इलास्टिकच्या १० सुती चड्ड्या, दोन फडकी, आणि जमिनीवर ठेवायची साधी प्लास्टिकची पॉटी, जिच्यावर पाय पूर्ण टेकतात. संडासचं भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. लेकराला पाय फाकवून तोल सांभाळावा लागतो, खाली काळं भोक दिसतं, वरून पाण्याचा आवाज. पाय टेकलेले नसले की पोट आणि ढुंगण सैल सुटतच नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात चड्ड्या धुण्याची चिंताही खरी असते. भिजलेल्या चड्ड्या एका बादलीत टाकून संध्याकाळी एकदमच धुवायच्या, आणि तेव्हढे तीन दिवस पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करायचे.

अडीच-पावणेतीन वर्षांच्या लेकराच्या मूत्राशयात साधारण १३० ते १४० मिलि शू मावते, म्हणजे चहाचा एक भरलेला मोठा कप. दर २० मिनिटांनी बसवलं तर ते भरतच नाही, लागल्याची जाणीव होत नाही, आणि बसणं म्हणजे शिक्षा वाटू लागते. म्हणून बसवायचं ते झोपून उठल्यावर लगेच, पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासानं, बाहेर जाण्याआधी, एरवी दीड-दोन तासांनी. बसायचं ते तीन ते पाच मिनिटं. झाली नाही तर उठवायचं, बोलायचं काही नाही. मुलग्यांनीही सुरुवातीला बसूनच करावी, उभ्यानं नंतर.

‘शू आली का?’ विचारायचं नाही. खेळणारं लेकरू ‘नाही’च म्हणतं आणि दोन मिनिटांत भिजवतं. ‘चल, शूला बसू’ एवढंच म्हणायचं. चड्डीत झाली तर: “चड्डीत शू झाली. शू पॉटीत करायची. चल, पुसू.” फडकं त्याच्याही हातात द्यायचं. पॉटीत झाली की “पॉटीत शू केलीस!” आणि आईच्या पाकिटातली एक टिकली भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्यानं स्वतः लावायची. पहिल्या दिवशी सात चड्ड्या भिजल्या, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी एकही नाही.

शीसाठी मात्र एकेक पायरी. डायपर घालून न्हाणीत उभं राहणं झालंच होतं. मग डायपर घालूनच पॉटीवर बसणं. तीन दिवसांनी आईनं त्याच्यासमोर डायपरला खालून रुपयाएवढं भोक पाडलं, मग वाटीएवढं. शेवटी डायपर नुसता कमरेला पट्ट्यासारखा. प्रत्येक पायरीवर दोन-तीन वेळा नीट झाली की पुढची. भोकाच्या पायरीवर त्यानं एक दिवस नकार दिला. तेव्हा एक पायरी मागं जायला सांगितलं, आणि दोन दिवसांत तो पुन्हा पुढं आला. पाचव्या आठवड्यात डायपर सुटला.

शी संडासच्या भांड्यात टाकून पाणी घालायचं, उकिरड्यावर नाही. ‘लहान लेकराची शी घाण नसते’ हा समज चुकीचा आहे, तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. धुणाऱ्याचे आणि लेकराचे, दोघांचे हात साबणानं. मुलींना पुढून मागं धुवायचं, उलटं केलं तर शीचे जंतू शूच्या जागेला लागतात.

रात्रीचं आईनं शेवटी विचारलं. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही. झोपेत शू कमी तयार करणारं संप्रेरक आणि मूत्राशय तयार झालं की ते आपोआप होतं. ५ वर्षांपर्यंत रात्री भिजणं हा आजार धरत नाहीत. सलग आठवडाभर सकाळी डायपर कोरडा सापडला की काढायचा. तोवर झोपताना घालायचा.

शीत रक्त, फुगलेलं पोट, शू करताना रडणं, सतत थेंब थेंब गळणं, किंवा महिनोन्‌महिने कोरडं असलेलं लेकरू एकदम भिजवू लागलं आणि खूप पाणी पिऊ लागलं, तर शिकवणं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. जन्मापासूनच शीचा त्रास असेल किंवा ४ वर्षं होऊनही दिवसा भिजत असेल, तरीही दाखवून घ्यावं.

शाळेच्या पहिल्या आठवड्यात तो दोनदा भिजला. आईला आधीच सांगितलं होतं की नव्या जागेत हे होतंच. दप्तरात दोन चड्ड्या आणि एक पिशवी होती, आणि बाईंना चिठ्ठी: “तो ‘शी’ आणि ‘शू’ हेच शब्द वापरतो. डबा खाल्ल्यावर अर्ध्या तासानं त्याला घेऊन जा, विचारू नका.”