पाणी काचेसारखं दिसतंय, मग अ‍ॅक्सोलॉटल खात का नाहीये?

प्रश्न: नमस्कार, दोन महिन्यांपासून माझ्याकडे अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा सॅलमँडर) आहे. टँक मी अगदी चकाचक ठेवते, दर रविवारी सगळं पाणी काढते, काचा घासते, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खळखळून पिळते. तरी आठ दिवस झाले, गांडूळ तोंडापाशी नेलं तरी तो तोंड फिरवतो, कल्ले पुढे वळवून बसतो आणि शेपटीचं टोक मुडपलेलं असतं. माझं काय चुकतंय?

उत्तर: ताई, तुम्ही जीव लावून करताय हे दिसतंय, पण घोळ बहुतेक त्या पिळलेल्या स्पंजमधेच आहे. अ‍ॅक्सोलॉटलच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होत राहतो, त्याला रंग नसतो आणि थोडा असेल तर वासही येत नाही, म्हणून पाणी आरपार दिसत असलं तरी त्याचे कल्ले आतल्या आत भाजत असतात. हा अमोनिया संपवणारे जिवाणू स्पंजच्या भोकाभोकांत राहतात, काही अमोनियाचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बरंच सौम्य असतं. ही वस्ती बसायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात आणि तुम्ही ती दर रविवारी नळाच्या क्लोरीनने धुवून टाकताय, म्हणजे टँक दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आधी ड्रॉप्सवालं टेस्ट किट आणा, टेस्टच्या कागदी पट्ट्यांवर फार विसंबू नका. बहुतेक किटमधे अमोनियाच्या नळीत पाणी पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट झालं की गडबड. उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, नाहीतर तो हलका हिरवा सहज सुटतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आसपास किंवा कमी, आणि पीएच ७.४ ते ७.६ असेल तर उत्तम, थोडं इकडेतिकडे चालतं पण रोज वरखाली नको.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर अ‍ॅक्सोलॉटलला झाकणाच्या स्वच्छ टबमधे हलवा, पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकइतकंच गार, आणि ते रोज पूर्ण बदला. पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडतो हे खरं, पण काही ठिकाणी क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालतात, ते असं उडत नाही, त्यामुळे अँटी-क्लोरीन (क्लोरीन काढणारं द्रावण) वापराच. तो टबमधे असेपर्यंत रिकाम्या टँकमधे सुगंध न मिसळलेला शुद्ध अमोनिया २ पीपीएम होईल इतका घालत राहायचं आणि रोज टेस्ट करायची, २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले आणि नायट्रेट दिसलं की टँक तयार.

नंतर आठवड्याला २०-२५ टक्केच पाणी बदला, स्पंज टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा हलका दाबा, बस. मळकट दिसला तर दिसू दे. शी आणि उरलेलं खाणं मात्र रोज पिपेटने उचला.

आणि हो, फिल्टरचा झोत थेट अंगावर येत असेल तरी कल्ले पुढे वळतात, तेही बघून घ्या. पाणी नीट असूनही तीन-चार दिवसांत खाणं सुरू झालं नाही किंवा कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर अशा प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे न्या, मनाने औषध घालू नका.

प्रश्न: पाणी २५ अंशांवर गेलंय, बर्फाचे खडे टाकले तर चालतील का?

उत्तर: नको! हा मेक्सिकोतल्या शोचिमिल्कोच्या गार पाण्यातला प्राणी, त्याला १६ ते १८ अंश मानवतात आणि २४ च्या वर त्रास नक्की. पण खड्यांनी पाणी झटकन गार होतं, ते वितळले की परत चढतं, आणि ही वरखालीच त्याला जास्त सोसत नाही, शिवाय नळाच्या पाण्याचा बर्फ असेल तर क्लोरीनही आत जातो. आत्ता अडचण आहे म्हणून बाटलीत पाणी गोठवून घट्ट बंद बाटलीच टँकमधे सोडा, थर्मामीटरवर लक्ष ठेवून, आणि पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावा, त्याने दोन-तीन अंश तरी उतरतात. पाणी उडेल तेवढी भर घालत राहा. खाणं दोन दिवस कमीच द्या, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो. दर उन्हाळ्यात हेच होणार असेल तर सरळ चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) घ्या, महाग असतो पण त्याला दुसरा खरा पर्याय नाही.