अ‍ॅनिमे-मांगाच्या (म्हणजे जपानी कार्टून आणि चित्रकथांच्या) चाहत्याने स्वतःला ‘ओताकू’ म्हणवून घ्यावं का?

भारतात खुशाल घ्या, जपानमध्ये जरा जपून. ‘ओताकू’ म्हणजे मुळात ‘आपलं घर’. त्यावरून समोरच्याला आदराने ‘आपण’ म्हणायची रीत. चाहते एकमेकांशी असं अवघडून बोलायचे, म्हणून १९८३ साली लेखक अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकात टिंगलीने त्यांना हेच नाव चिकटवलं. १९८९ मध्ये लहान मुलींच्या खुन्याच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटींचा ढीग सापडला, त्यालाही ओताकू ठरवलं गेलं आणि शब्द पार बदनाम झाला. आता धार बोथट झालीये. रेल्वेवेड्यांनाही तिथे ओताकूच म्हणतात.

मला आवडतो तो ‘फुजोशी’. पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांनी ‘स्त्रिया’ या अर्थाच्या शब्दातलं पहिलं चिन्ह बदलून स्वतःलाच ‘नासलेल्या मुली’ म्हणवून घेतलं. उच्चार मात्र तोच!

‘वीब’ म्हणजे जपानवेडा; हा जपानबाहेरच्या इंग्रजी इंटरनेटवरचा टोमणा. चाहते तो हल्ली स्वतःलाच मारतात.